येत्या जूनपासून

माझा नवरा येत्या जूनपासून गावी राहायला जाणार आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हाही जाणारच होता. बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थ म्हणाले, "मुलगा फोर्टात अकाउंट्सला आहे," आणि मुलाने स्वतःहून पुढे सरकून पुस्ती जोडली, "पण फार दिवस नाही. येत्या जूनपासून गावीच." माझ्या वडिलांनी तोंडापाशी नेलेली बशी खाली ठेवली. आम्ही माण तालुक्यातले. डोंबिवलीत लेकीला घरात नळ मिळेल, एवढ्या एका आशेवर त्यांनी हे स्थळ आणलं होतं.

त्याला आता सहा जून होऊन गेले. राजापूरची गंगासुद्धा तीनेक वर्षांनी का होईना, येते. आमचा जून काही येत नाही.

त्याचं गाव कणकवली तालुक्यात. 'त्याचं' म्हणायचं ते त्याच्या आजोबांचं. हा जन्मला, वाढला, शिकला सगळं डोंबिवलीत. गाव पाहिलं ते मे महिन्यातलं आणि गणपतीतलं. त्यामुळे त्याच्या मते तिथे बारा महिने आंबे पिकतात, मधल्या सुट्टीत उकडीचे मोदक असतात आणि माणसं उरलेल्या वेळात विहिरीत पोहतात. जुलैत आठ-आठ दिवस वाळत नसलेले कपडे, ओली लाकडं, आणि वीज गेली की ती येईल का यावर न बोलण्याचा घरातला अलिखित करार, यातलं काही त्याच्या खात्यावर जमा नाही. मी एकदा विचारलं, "अहो, तुम्ही पावसाळ्यात सलग पंधरा दिवस कधी राहिलात तिथे?" तर म्हणाला, "तुझ्या माणदेशात पाऊसच नाही म्हणून तुला त्याची गोडी नाही." हे मात्र खरं. त्यांच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. आमच्याकडे पाचशेला पोचला तर पेढे वाटतात.

रोज सकाळी त्याची फास्ट लोकल दिव्यावरून जाते. दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते. दारातल्या गर्दीत एका हाताने बॅग आणि एका हाताने कडी धरलेला हा माणूस त्या फलाटाकडे मान वळवून बघतो, असं त्याच्याच डब्यातल्या एकाने मला सांगितलं. कोणी बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

तरी एकटा होता तोवर ठीक होतं. चिरंजीव झाले आणि गावाच्या ओढीला तत्त्वाचं बळ आलं. "मला नाही मिळालं, निदान त्याला तरी मिळू दे." काय मिळू दे? माती. गाय. ओहोळ. मोकळी हवा. चिरंजीव सव्वादोन वर्षांचे आहेत आणि त्यांच्या जगात सर्वांत मोठी गोष्ट लिफ्ट आहे.

इतर मुलं म्हणे 'आई दे', 'बाबा आले' अशी पहिली वाक्यं बोलतात. आमच्या चिरंजीवांचं पहिलं सलग वाक्य होतं, "कुपया दलवाजा बंद कलें." तेही बाईच्या आवाजात आणि शेवटी 'टिंग' करून. सासूबाईंनी कौतुकाने दृष्ट काढली. नवरा दोन दिवस जेवला नाही धड. मुलाचं पहिलं वाक्य हिंदीत, आणि ते लिफ्टचं! तिसऱ्या दिवशी त्याने गावाहून येणाऱ्या कोणाकडून तरी तांबड्या मातीचं पोतं मागवलं.

ते पोतं बाल्कनीत आलं. एका घमेल्यात माती ओतून चिरंजीवांना लंगोटावर आत बसवण्यात आलं. "खेळ बाळा. ही आपली माती." चिरंजीवांनी मातीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि एक मूठ तोंडात टाकली. चव आवडली असावी, कारण दुसरीही टाकली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. उरलेल्या मातीवर नवऱ्याने पाणी शिंपडलं, पहिल्या पावसाचा वास यावा म्हणून. वास आला की नाही आठवत नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकू मात्र आल्या. त्यांच्या पांढऱ्या चादरीवर कोकणचा नकाशा उमटला होता.

मग त्या मातीत हापूसची कोय रुजवली गेली. सासूबाई म्हणाल्या, "रे, कोयीक रायवळ येतलो, हापूस नाय. हापूसचा कलम लावूचा लागता." सासूबाईंनी गावात उभी बावीस वर्षं काढली आणि डोंबिवलीला आल्या त्या पुन्हा वळून बघितलं नाही. गावाचं नाव काढलं की त्या टीव्हीचा आवाज वाढवतात. कोयीला चार तांबूस पानं फुटली. ती चिरंजीवांनी एकेक करून काढली आणि प्रत्येक पान काढताना "टाटा" म्हणाले.

पण खरा रंग भरतो रात्री. चिरंजीवांना गोष्ट लागते. चित्रांच्या पुस्तकात त्यांना फक्त जेसीबीचं पान हवं असतं. ससा, कासव, सिंह यांच्यावर ते हात आपटून "नको, जेशीबी" म्हणतात. एका रात्री त्या पानाचा छत्तिसावा पाठ झाल्यावर नवरा उठला आणि स्वतःचं आवडतं वाङ्मय घेऊन आला. पंधरा रुपये भरून काढलेला, डिजिटल सहीचा सातबारा.

ते सामाईक क्षेत्र आहे, बावीस गुंठे, आणि त्यावर एक्केचाळीस नावं आहेत. पणजोबांच्या चार मुलांपासून पसरत पसरत ती बडोद्यापासून बेळगावपर्यंत गेलेली. नवरा कोपऱ्यात बसून, चिरंजीवांना मांडीवर घेऊन, एकेक नाव सावकाश वाचतो. प्रत्येकाची एक ओळीची गोष्ट: हे मिलमध्ये होते, हे देवाघरी गेले पण इथून कमी झाले नाहीत, ह्या आत्या, ह्यांनी सही दिली नाही. सतराव्या नावाला चिरंजीव झोपतात. मी स्वयंपाकघर आवरून येते तेव्हा बहुधा दोघेही झोपलेले असतात आणि छातीवर सातबारा पसरलेला असतो.

त्यातला एक शब्द चिरंजीवांनी उचलला. पोटखराबा. ज्यांच्या घरी सातबारा वाचत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, लागवडीला न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. चिरंजीवांनी तो शब्द ज्या प्रसंगासाठी नेमून टाकला तो शब्दशः अधिक बरोबर आहे. परवा नणंदेच्या घरी, भर पंगतीत, ते डायपरला हात लावून खणखणीत म्हणाले, "पोतखलाबा!" नणंदेचे यजमान तलाठी कार्यालयात आहेत. त्यांचा घास हातातच राहिला.

अशाच एका रात्री, मुलगा झोपल्यावर, अकाउंट्सवाल्या माणसाने मोबाइल काढून हिशेब केला. बावीस गुंठे गुणिले एक हजार एकोणनव्वद, तेवीस हजार नऊशे अठ्ठावन्न चौरस फूट. भागिले एक्केचाळीस. वारसांचे हिस्से असे सरसकट सारखे नसतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण स्वप्नाच्या हिशेबात एवढं लेखापरीक्षण कोण करतो. आकडा आला पाचशे चौऱ्याऐंशी.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग मला हलवून उठवलं. "अगं, आपल्या फ्लॅटचा कार्पेट किती?"

"पाचशे पंच्याऐंशी."

"हं," म्हणाला आणि दिवा मालवला. गावी गेलो तर एक चौरस फुटाचा तोटा होता.

मे महिन्यात आम्ही गेलो. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला आरक्षण उघडतं. नवरा पावणेआठपासून आंघोळ करून मोबाइल समोर घेऊन, पूजेला बसावं तसा बसला होता. सात एकोणसाठला चिरंजीव आले आणि त्यांनी जेसीबीचा व्हिडिओ मागितला. पुढची तीन मिनिटं मी लिहीत नाही. तिकिटं मिळाली, ती सासूबाईंच्या भावाने दुसऱ्या फोनवरून काढली म्हणून.

मांडवी एक्स्प्रेस. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. पहिला आला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बंद." उजेड आला, म्हणाले, "चालू." डबाभर हशा. "किती हुशार हो!" एका आजोबांनी बिस्कीट दिलं. चिपळूणपर्यंत हशा संपला, बोगदे संपले नाहीत. बंद, चालू, बंद, चालू. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला, साडेसहा किलोमीटरचा. "बंद" झालं आणि उजेड येईना. चिरंजीव गप्प झाले. आख्खा डबाही गप्प झाला आणि आजोबांसकट सगळे खिडकीकडे बघत 'चालू'ची वाट पाहू लागले. मला वाटतं, त्या दिवशी त्या डब्याने बोगद्याचा शेवट इतक्या एकाग्रतेने प्रथमच पाहिला.

गावी पोचलो. चुलतदीर खळ्यातच उभे. "कधी इलस?" हे विचारून झाल्यावर लगेच, "रवतलस किती दिस?" नवरा म्हणाला, "आता बघ, येत्या जूनपासून..." दीर आत पाणी आणायला गेले.

गोठ्यात गाय होती. ज्या क्षणासाठी दोन वर्षं तयारी झाली तो हा क्षण. नवऱ्याने चिरंजीवांना कडेवर घेऊन अगदी तोंडापाशी नेलं. "बघ, कोण आहे? हम्मा!" चिरंजीवांनी गाईला नीट न्याहाळलं, शिंगं, शेपूट, रवंथ करणारं तोंड, आणि ठामपणे म्हणाले, "भू भू." गाईने मान फिरवली. तिलाही ते लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी ओहोळ (आटलेला), करवंदं (आंबट, थुंकली), कोंबडी (पळाली) असं एकेक करून कोकण संपत आलं, आणि मग वाडीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली. रस्त्याचं काम निघालं होतं. पिवळा, खराखुरा, हलणारा, डोलणारा जेसीबी. चिरंजीवांच्या तोंडून आवाजच फुटेना. नुसतं बोट वर.

पुढचे चार दिवस माझा नवरा गडग्यावर बसून होता. मांडीवर मुलगा, हातात छत्री, समोर जेसीबी. सकाळी आठ ते बारा आणि तीन ते सहा; ड्रायव्हर जेवायला गेला की हे जेवायला. तांबड्या धुळीने दोघांच्या भुवया रंगल्या होत्या. माती अखेर भेटली मुलाला, भरपूर भेटली, फक्त ती आधी जेसीबीने उकरावी लागली. विहिरीत पोहणं राहिलं. फणसाखालची दुपार राहिली. पाचव्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर नवराच मला सांगत होता, की पुढचं बकेट आणि मागचं बकेट यांची कामं वेगळी असतात.

एका संध्याकाळी दीर माझ्याजवळ मन मोकळं करून गेले. चौतिसावं चालू आहे, लग्न जमत नाही. आंबा-काजू चांगला आहे, पण गावात राहणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. "सगळी इचारतत, मुंबयत खोली आसा काय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"आसा म्हणान सांगतंय. डोंबिवलीक. भावाची," असं म्हणून जरासे लाजले.

मी नवऱ्याला हे सांगितलं नाही. तो डोंबिवलीत, लोकलमध्ये, ऑफिसात, सोसायटीच्या सभेत "गावी आमचं घर आहे" असं सांगतो, ते याच भावाचं घर. दोघांची मालमत्ता अशी एकमेकांवर उत्तम चालली आहे. उगाच फेरफार कशाला करायचा.

परत आलो. लिफ्टमध्ये शिरताच चिरंजीवांनी बापाच्या गळ्यातून हात काढून भिंतीला लावले आणि बाईबरोबर एका सुरात "कुपया दलवाजा" म्हणाले. दहा दिवसांच्या विरहाने आवाज कापरा झाला होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मजल्याच्या आकड्याकडे पाहिलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडचं पाणी गेलं. दोन दिवस थेंब नाही. तिसऱ्या दिवशी रात्री दहाला मी चिरंजीवांना पुसत होते, कारण आंघोळीएवढं उरलं नव्हतं. नवरा सातबारा घेऊन कोपऱ्यात बसला होता. आणि खाली हॉर्न वाजला. लांब, दोनदा, मध्ये जरा थांबून.

आमच्या गावात टँकर विहिरीत ओतत. वेशीवर हॉर्न वाजला की जो असेल तसा धावायचा. अभ्यास, भाकरी, निम्मी घातलेली वेणी, सगळं टाकून. आधी पोचेल त्याला नितळ पाणी, मागून येईल त्याला गढूळ. 2012च्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, तेव्हा तर गोठाही रिकामा आणि गावात आवाज म्हणून तेवढाच हॉर्न. मी शाळेत असल्यापासून ठरवलं होतं, नळ असलेल्या घरात गेले की तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही.

काय झालं ते मला कळलं नाही. चिरंजीव कडेवर, पायात चपला नाहीत, आणि मी लिफ्टमध्ये. बाई म्हणाली, कृपया दरवाजा बंद करें. खाली उतरले तर टँकरवाला सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पाइप सोडून विडी पेटवत होता. ओल्या रबराचा आणि भिजलेल्या धुळीचा तोच वास आला. चिरंजीव हरखून ओरडले, "जेशीबी!"

"नाही रे, टँकर," मी म्हणाले. "आपल्या गावी पण येतो. तुला दाखवीन हं, आपण गेलो की."

मागून नवरा उतरला होता, सातबारा हातात तसाच. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

तो माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होता. मीही पाहिलं. चिरंजीवांची आंघोळीची पिवळी बादली होती, रिकामी.