शून्य आधी ठरवा

मे महिन्यात नागपुरात कोणी कोणाची खुशाली विचारत नाही. ‘आज किती?’ एवढंच विचारतात. कोणी ठोकून सत्तेचाळीस म्हणतं, कोणी मोबाइल पुढे करतं. आमच्या कॉलनीतले भाऊ मात्र उलट विचारतात, ‘थर्मामीटर कोणता? सावलीत होता? बर्फात बुडवून त्याचं शून्य तपासलं होतं?’ तोवर विचारणारा कूलरपुढे जाऊन बसलेला असतो.

दोष भाऊंचा नाही, तारे मोजण्याच्या धंद्याचा आहे. लडाखमधल्या हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिच्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं ‘टिरस्पेक’ हे उपकरण २०१३ मध्ये बसलं. ते ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश टिपतं आणि भाऊ घरी बसून त्या प्रतिमांवरून ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेज, काढतात. पंचाईत अशी, की २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास दुर्बीण स्वतःच्याच उबेने चमकते. १.६ च्या आसपास वरच्या हवेतले हायड्रॉक्सिल रेणू अख्खं आकाश उजळतात, आणि तेही दर काही मिनिटांनी लहर बदलत. म्हणून दुर्बीण जराशी सरकवून शेजारच्या रिकाम्या आकाशाची प्रतिमा घ्यायची आणि ती वजा करायची. जो प्रकाश उरेल तो प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्याशी ताडायचा. हा ताराही क्षितिजापासून तितक्याच उंचीवर हवा, नाहीतर दोघांच्या वाटेतली हवा सारखी कशी? ताडायला ‘टूमास’ सर्वेक्षणाने ४७ कोटींवर ठिपके मोजून ठेवलेत. भाऊंचा भरवसा त्यातल्या वीसेकांवर.

असा माणूस लग्नात बासुंदीला ‘छान’ म्हणेल? ‘कशाच्या तुलनेत?’ यजमानीण पुन्हा वाढायला आली नाही.

पाहुण्यांना फुटाळा तलाव कोणीही दाखवील. भाऊ झिरो माइलच्या खांबाकडे नेतात आणि तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांचे फोटो काढू न देता बेंचमार्कवर कोरलेली उंची वाचायला लावतात. ही जागा देशाचा मध्य की नाही, या वादात त्यांना रस नाही. ‘उंची इथली, पण शून्य समुद्राचं!’ हे सांगताना त्यांचा ऊर भरून येतो.

परवा टपरीवर तर्री-पोहे. ‘भाऊ, तर्री कशी झाली?’

भाऊंनी आणखी एक प्लेट मागवली, बिनतर्रीची. एक घास कोरडा, एक तर्रीचा, मध्ये पाणी. डोळे मिटून वजाबाकी चालू. रांग खोळंबली.

‘वजाबाकी घरी करजा भाऊ,’ पोहेवाला म्हणाला, ‘पैसे दोन प्लेटचे लागतीन.’