फिरती गौर

शिळफाटा म्हटलं की लोकांना मुंब्र्याकडचा आठवतो. आमचा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. ट्रक, टपऱ्या, गॅरेजं आणि धूळ. एवढ्या धुळीत सौंदर्यदृष्टी जपणं सोपं नाही. काकूंनी ती जपली आहे, आणि तिची झळ आम्हां शेजाऱ्यांना बसते.

काकूंच्या लेखी कचरा म्हणून काही नसतंच. आहे ते सगळं आराशीचं सामान. त्यातलं काही अजून लोक वापरताहेत, एवढंच. तुम्ही पिस्ते खात असता, काकू टरफलं मोजत असतात. लग्नपत्रिका घरात आली की काकांनी तारीख बघायच्या आत तिच्यावरचा गणपती कापून झालेला असतो. भंगारवाला दारात आला तर इतर बायका रद्दी घालतात. काकू त्याच्या गाडीवरचं उचलून घरात आणतात, वर घासाघीसही करतात.

हा सगळा खटाटोप चैत्रासाठी. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. पूर्वी भिंतीला टेकून पायऱ्या रचायच्या, वर गौर, खाली खेळणी आणि फळं. मागची बाजू कोण बघतंय? आता हॉलमधली भिंत सोफ्याने आणि टीव्हीने खाल्ली, गौर टीपॉयवर आली आणि चारही बाजूंनी दिसायला लागली. यावर काकूंचा तोडगा म्हणजे फिरती गौर.

त्यासाठी गॅरेजवाल्याकडून ट्रकचं झिजलेलं बेअरिंग आणलं. रॉकेलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून त्यातलं काळं ग्रीस काढलं. (ब्रश खरोखरच जुना होता का, यावर काकांचं मत वेगळं आहे.) वर प्लायवूडची गोल फळी, तिच्यावर चैत्रांगण. झोपाळा सायकलच्या तारांचा. तारांवर आधी सुती चिंधी गुंडाळली, नाहीतर जर घसरते. मग शालूची उसवलेली जर, अगदी घट्ट, वळशाला वळसा लावून. इथे मात्र थट्टा थांबवावी लागते. तसं काम विकत मिळत नाही.

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणतात. मग त्यांना आजीच्या टोपल्या आठवल्या: भिजवलेल्या कागदाचा लगदा, त्यात मेथ्यांची पूड. मेथ्यांनी लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. तेव्हापासून कासव, कमळं, तुळशीवृंदावन सगळं लगद्याचं, आणि वर्तमानपत्र वाचायचं असेल तर काका आमच्याकडे येतात.

हळदीकुंकवाला कोणीतरी हमखास विचारतं, "अय्या, कितीला आणलंत?" काकू एकाच वेळी सुखावतात आणि दुखावतात. "विकतचं काही नाही हो, सगळं टाकाऊ!" आतल्या खोलीत काका खोकतात. ग्लू गनच्या कांड्या, सोनेरी स्प्रे, कुंदनाच्या टिकल्या यांची बिलं त्यांच्या खिशात असतात. त्या पैशांत चांदीचा झोपाळा आला असता, असं ते म्हणत नाहीत. नुसते खोकतात.

मग गौर फिरते. बेअरिंग करकरतं, बायका आंब्याची डाळ खाता खाता माना तिरक्या करतात. एका कार्टीने जरा जोरात ढकललं, तशी देवीसमोरची द्राक्षं सुटली आणि थेट पन्ह्यात पडली. काकूंनी पन्हं बाजूला ठेवलं, पण आधी फळीचा वेग बघितला. चेहऱ्यावर समाधान.

माझी ओटी भरताना ओले हरभरे पदरात पडत होते आणि काकूंची नजर माझ्या कानांवर होती.

"डावीकडच्याचा खडा पडलाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "उजवीकडचाही हलतोय. असू दे, अक्षय्य तृतीयेपर्यंत वापर."