वडिलोपार्जित वस्तरा

पहिल्याच दिवशी मी चार जागी कापलं. त्यातली गालावरची जागा एकच. बाकी तीन म्हणजे उजवा अंगठा, डाव्या कानाची पाळी आणि पॅन्टचा पट्टा. रक्त पट्टा सोडून सगळीकडून आलं, पण दुःख पट्ट्याचंच जास्त झालं. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून सेवानिवृत्तीला दिलेला होता तो, आतल्या बाजूने ‘अस्सल चामडे’ असा छाप मारलेला. वस्तरा दाढीआधी चामड्यावर पाजवावा लागतो. पाठ पुढे, धार मागे, असा ओढत न्यायचा, टोकाला पाठीवरच कूस बदलून परत आणायचा. मी धार पुढे घातली. पट्टा दोडक्यासारखा उभा चिरला आणि अस्सल चामड्याच्या पोटातून करडा पुठ्ठा बाहेर आला. त्या समारंभात माझ्याबद्दल झालेली भाषणंही मग मी मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासून पाहिली.

हे सगळं घडलं एका वाक्यामुळे. गोंदियाच्या सुभाष गार्डनमध्ये आम्ही सात निवृत्त माणसं सकाळी चालतो. म्हणजे दोन फेऱ्या चालतो आणि पाच फेऱ्यांइतकं बसतो. त्यातल्या एकाला मुलाने पुण्याहून पाच पात्यांचा रेझर पाठवला होता. तीन दिवस बाकावर दुसरा विषय नाही. चौथ्या दिवशी मी पाय पसरून म्हणालो, “आमच्या घराण्यात बुवा वस्तराच.”

‘घराण्यात’ हा शब्द तोंडातून कसा निघाला, मला ठाऊक नाही. वस्तरा मात्र खरा होता. आमगाव तालुक्यातल्या गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्याने पितळी घंगाळ नेलं, धाकट्याने लाकडी पलंग नेला, आणि ट्रंकेच्या तळाशी सातबाऱ्याच्या पिवळ्या कागदांत गुंडाळलेला हा वस्तरा कुणालाच नको म्हणून माझ्याकडे आला. शिंगाची मूठ. पोलादावर कोरलेली अक्षरं गंजाने खाल्लेली, शेवटचं ‘फील्ड’ तेवढं शाबूत. शेफील्डच! दुसरं कुठलं फील्ड वस्तऱ्यावर येणार? भिंतीवरच्या फोटोत आजोबांचे गाल तुळतुळीत आहेत. फोटो आणि वस्तरा मी एकमेकांशेजारी ठेवले आणि सिद्धता पूर्ण केली. भूमितीचा मास्तर होतो मी, छत्तीस वर्षं.

भूमितीनेच घात केला म्हणा. पातं गालाशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरावं, असं जाणकार सांगतात. हे वाचून मी गालातल्या गालात हसलो होतो. (तेव्हा गाल शाबूत होता.) तीस अंशांचा कोन मी कोनमापक न लावता फळ्यावर काढून दाखवत असे. पण फळा सपाट असतो, फळा श्वास घेत नाही आणि फळ्याला हनुवटी नसते. एका हाताने कातडी ताणून धरायची, तर साबणामुळे ती मासोळीसारखी निसटते. उजव्या गालाला उजवा हात बरोबर पोचतो. डाव्या गालासाठी मात्र तो नाकासमोरून पलीकडे न्यावा लागतो आणि मग आरशात गाल दिसेनासा होऊन नुसतं कोपर दिसतं. कोपराची दाढी मी उत्तम केली असती.

त्यात आमच्या न्हाणीघराचं बटण बाहेरच्या भिंतीवर. तिसऱ्या दिवशी पातं नेमकं कंठावर टेकलेलं असताना बाहेरून “दिवसाउजेडी लाईट कशाला जाळता?” असं म्हणत बटण बंद झालं. मी अंधारात तसाच उभा. ‘अगं, लाव’ एवढंच म्हणायचं होतं, पण ते म्हणायला कंठ हलवावा लागतो. संसारात इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच राहिलो असेन. ती आपण होऊन काय झालं बघायला आली, तेव्हा मी वाचलो.

स्वतःची दाढी स्वतः करणं ही कला आहे आणि ती शिकावी लागते, हे झाँ-जाक पेरे नावाच्या फ्रेंच सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिराने 1769 सालीच लिहून ठेवलं होतं. त्याच्या पुस्तकाचं नावच तसं होतं. माणसाच्या हातावर त्याचा विश्वास किती, तर वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवायची युक्तीही त्यानेच काढली. जिलेटच्या कंपनीने 1903 मध्ये बदलत्या पात्याचे रेझर विकायला काढले, तेव्हा पहिल्या वर्षात ते खपले 51. त्या एक्कावन्न शहाण्यांना माझा दंडवत.

चौथ्या दिवशी गोरेलाल चौकापलीकडच्या गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. वीस वर्षांत त्याने माझ्या चेहऱ्याला ओरखडा येऊ दिला नव्हता. त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली.

“सर, हे कोनी केलं?”

“मीच.”

“रागानं?”

मी घराणं, शेफील्ड वगैरे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. आता त्याच्याकडेही मुठीत अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आहे. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाइकागणिक नवं पातं आलं. “आमी पयले फुग्यावर शिकलो,” तो म्हणाला. “फुग्याले साबन लावा न् काढा. फुगा फुटला नाई तं मंग गाल.” मी डझनभर फुगे आणले. घरात नातवाने समजूत करून घेतली की वाढदिवस आहे. पहिला फुगा फुटला तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या. सातव्यानंतर तो केक कुठे आहे म्हणून रडायला लागला.

इथे मला धोकटीबद्दल बोलायचंय. विषय सोडून आहे, पण बोलणार. आमच्या भागात न्हाव्याला म्हाली म्हणतात. लहानपणी गावी म्हाली अंगणात यायचा तेव्हा मी दाढी बघायला नाही, धोकटी उघडताना बघायला बसायचो. चामड्याची ती पिशवी उलगडली की एकेका कप्प्यातून वस्तू निघत: वस्तरा, कातर, कंगवा, काळा गुळगुळीत निसणा, वापरून वापरून आरशासारखी चकाकणारी चामड्याची पट्टी, नखं काढायची नराणी, कान कोरायचं कोरणं, पितळी वाटी, आणि सगळ्यांत शेवटी पारा उडालेला आरसा, ज्यात माणूस देवीचे व्रण आल्यासारखा दिसे. माझ्या दप्तरात एक पाटी आणि अर्धी लेखणी. त्या वयात मोठेपणी कोण व्हायचं हे मी पक्कं ठरवलं होतं. घरात सांगितलं, तेव्हा माझीच बिनपाण्याने झाली.

आणि बघा, हीच ती आपली मराठी. अपमान करायचा तर ‘हजाम’, झोडपून काढलं की ‘भादरलं’, साहेब ओरडले की ‘हजामत झाली’. न्हाव्याचा उकिरडा किती उकरला तरी केसच निघणार, ही म्हण मी स्वतः स्टाफरूममध्ये ऐटीत वापरलेली आहे, शेजारी ज्याचे वडील तो धंदा करत होते असा माणूस बसलेला असताना. तो हसला होता. मला वाटलं, म्हण आवडली. उलट आपल्याच कथेत सेना न्हावी पूजेत गुंतले, राजाचं बोलावणं आलं, तर विठोबाने स्वतः धोकटी काखोटीला मारली आणि राजाची हजामत करून आला. म्हणजे हे काम देवाला कमीपणाचं वाटलं नाही. आणि त्याला ते यायचं, हे विशेष. असो. धोकटी मिटतो.

सुभाष गार्डनमधल्या बाकावर माझ्या गालावरच्या पट्ट्या मोजायला सुरुवात झाली होती. पुरावा हवा होता. म्हणून गावी आत्याला फोन लावला. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, आठवतं मात्र जास्त.

“शिंगाच्या मुठीचा का? अरे, तो बाबांच्या कुरुपांचा!”

“कशाचा?”

“टाचेच्या कुरुपांचा. दोन्ही टाचांना होती. रोवण्याच्या दिवसांत फार छळायची. संध्याकाळी कोमट पाण्यात पाय सोडून बसायचे आणि खरवडायचे त्या वस्तऱ्यानं. आई ओरडायची, तो चुलीपाशी आणू नका म्हणून.”

मी गालावरून हात फिरवला. “मग दाढी?”

“बाबा करतील दाढी? पाण्याचा तांब्या कधी हातानं उचलला नाही त्यांनी. म्हाली यायचा आठ दिवसांनी. बाबा पाटावर, तो भुईवर उकिडवा.” ती जरा थांबली. “पुढच्या दारी बाबांसाठी. मागच्या दारी मोठ्या काकूसाठी, महिन्याला एकदा. आम्हा पोरींना तेव्हा आत कोंडून ठेवायचे. काकू बाहेर आली की आलवणाचा पदर पुढं ओढलेला असायचा आणि मानेवरून पाणी ओघळत असायचं. ते पाणी तेवढं दिसायचं.” मग म्हणाली, “बरं, जेवलास का तू?”

1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली तेच हे, आणि तेही त्याच साली. रविवारी आठपर्यंत मी लोळलो आयुष्यभर, पण ही दुसरी गोष्ट एकाही वर्गाला सांगितली नाही. भूमितीत बसत नव्हती. आमच्या मागच्या दारापर्यंत तो नकार पन्नास वर्षांनीसुद्धा पोचला नव्हता. आमचा म्हाली नाही कसं म्हणणार? त्याचं वर्षाचं धान आमच्याच कोठीत होतं.

दोन दिवस वस्तरा मी कागदातून काढला नाही. तिसऱ्या दिवशी सलूनवाल्याकडे घेऊन गेलो. काय करायचं होतं ते माझं ठरलेलं नव्हतं. ठेवून घे म्हणालो असतो बहुतेक. त्याने मात्र तो हातात घेतला आणि त्याचा चेहराच बदलला. खालच्या खणातून फडक्यात बांधलेला निसणा काढला. त्याच्या वडिलांचा. मधे झिजून होडीसारखा झालेला. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून, पातं सपाट टेकवून तो फिरवत राहिला. दुकानातल्या टीव्हीवर कुस्ती चालली होती, तिकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. थोड्या वेळाने अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मान हलवली, पुन्हा घासलं, पुन्हा अंगठा. शेवटी मनगटावरचे चार केस उडवून बघितले.

“मस्त लोखंड आहे, सर. बसा आता. तुमचाच वस्तरा, तुमचीच दाढी.”

नको म्हणायचं होतं. पण तो उभा होता आणि खुर्ची रिकामी होती. कोमट फेस लागला. पातं कानापासून खाली निघालं, तेव्हा ओल्या पळसपानावर नख ओढावं तेवढाच आवाज आला. दुखलं तर नाहीच. उलट डोळे मिटले. अर्धा चेहरा झाला आणि मला राहवलं नाही.

“एक सांगू का? हा दाढीचा नाही. आजोबा ह्यानं टाचेची कुरुपं काढायचे.”

पातं माझ्या कंठाशी थबकलं. आरशात त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वस्तऱ्याकडे. तो हळूच खाली ठेवला, तुरटीचा खडा उचलून पाण्यात बुडवला आणि आधी स्वतःच्या अंगठ्यावर घासला.