चुकलेली गाडी

पाठ्यपुस्तकाच्या कण्यावरचं प्रकाशकाचं नाव सहसा कुणी वाचत नाही. वसतिगृहात पुस्तकं लेखकाच्या आडनावानं मागितली जातात, दुकानात विषयाच्या नावानं आणि रद्दीत किलोनं. प्रकाशक बिचारा तळाशी, लग्नपत्रिकेतल्या ‘आपले स्नेहांकित’ मंडळींसारखा, आपल्याला कुणी ओळखावं असा आग्रह न धरता उभा असतो. ‘पिअर्सन’ हे त्यांतलं एक अतिशय श्रीमंत नाव. ते वाचलं की कोटावर खडूची पूड सांडलेला एखादा इंग्रज हेडमास्तर डोळ्यांसमोर येतो. पण १८४४ साली यॉर्कशरमध्ये सॅम्युअल पिअर्सन नावाच्या गृहस्थांनी जो धंदा काढला तो बांधकामाचा. पुढे त्याला विटांची आणि सांडपाण्याच्या नळांची जोड मिळाली. ज्ञानगंगेचा उगम एखाद्या गोमुखात असावा अशी आपली अपेक्षा. इथे तो मोरीच्या नळात सापडतो.

सॅम्युअल यांचे नातू वीटमन नळांवर समाधान मानणारे नव्हते. त्यांना जमिनीखालची ओढ होती. थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्यांच्या कंपनीनं खणला, न्यूयॉर्कला ईस्ट रिव्हरच्या तळाखालून रेल्वेची वाट काढली आणि मेक्सिको शहराचं पाणी वाहून नेणारा प्रचंड कालवाही काढला. घराण्याची सांडपाण्यावरची निष्ठा सातासमुद्रापारही ढळली नाही. ते कोल्चेस्टरचे खासदार होते, पण त्यांचा जीव मेक्सिकोत इतका गुंतलेला की लोक त्यांना थट्टेनं ‘मेक्सिकोचे खासदार’ म्हणत. याच मेक्सिकोच्या वाटेवर १९०१ साली टेक्ससमधल्या लेरेडोला त्यांची पुढची गाडी चुकली. गाडी चुकलेला माणूस एरवी काय करतो? स्टेशनमास्तरावर चिडतो, वाचलेला पेपर पुन्हा वाचतो आणि शेवटी, दुसरा इलाजच नसल्यामुळे, अनोळखी माणसांच्या गप्पा ऐकतो. लेरेडोत तेव्हा गप्पांचा एकच विषय होता: स्पिंडलटॉपला जमिनीतून उसळलेलं तेल. ते ऐकून वीटमनसाहेबांनी तेलासाठी मेक्सिकोत जमिनी घ्यायला लावल्या. १९०८ साली त्यांची दोस बोकासची तेलविहीर पेटली आणि जवळजवळ दोन महिने जळत राहिली. दोन वर्षांनी दुसऱ्या एका विहिरीनं सगळी भरपाई करून दिली. १९१९मध्ये त्यांच्या ‘मेक्सिकन ईगल’ या तेलकंपनीचा ताबा शेलकडे गेला आणि पिअर्सन घराण्याच्या हाती उरला भरपूर पैसा आणि मोकळा वेळ. ती गाडी मिळाली असती, तर जगातल्या कितीतरी मुलांच्या दप्तरांत आज दुसरंच नाव असतं.

पैसा आणि वेळ एकत्र आले की माणूस काय काय घेईल याचा नेम नसतो. वर्तमानपत्रं तर होतीच. १९५७मध्ये फायनान्शियल टाइम्स आला, १९६३मध्ये बोर्दोचा शातो लातूर हा नामांकित द्राक्षमळा, १९६८मध्ये लाँगमन, १९७०मध्ये पेंग्विन, मग डॉल्टनची चिनी मातीची भांडी, १९७८मध्ये मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे. संचालकांच्या बैठकीची मला फार उत्सुकता वाटते. यंदा द्राक्षांवर पाऊस पडला, दोन राजांच्या मिशा बदलायला झाल्यात आणि व्याकरणाची नवी आवृत्ती रखडली आहे, हे सगळं एकाच टेबलावर, एकाच गंभीर आवाजात वाचलं जात असेल.

या गर्दीत माझा जीव अडकतो तो लाँगमनपाशी. १७२४ साली टॉमस लाँगमन यांनी लंडनच्या पॅटरनॉस्टर रोवरचं एक पुस्तकांचं दुकान घेतलं. रॉबिन्सन क्रूसो छापणाऱ्या विल्यम टेलर यांचं ते दुकान. दारावर जहाजाची पाटी, पुढे तिला काळ्या हंसाची सोबत मिळाली. जॉन्सनच्या शब्दकोशाच्या प्रकाशकांत हे घराणं होतं. १९४०च्या डिसेंबरात बॉम्बनी ती सगळी गल्ली आणि तिच्यातली लाखो पुस्तकं जाळली, तरी लाँगमन उभे राहिले. मुंबईला फोर्टच्या फुटपाथवर त्यांची जुनी पुस्तकं मिळत. मुखपृष्ठ फाटलेलं, पण आतल्या पानावर लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोच्या पंगतीत ‘५३, निकोल रोड, बॉम्बे’ असा पत्ता. म्हणजे आपलं बेलार्ड इस्टेट! साहेबाच्या व्याकरणाचा धाक त्या एका ओळीनं निम्मा होई. त्या इथल्या शाखांतून १९४८मध्ये ओरिएंट लाँगमन्स झालं, आणि आज त्याच कंपनीच्या नावात तो काळा हंस हैदराबादेत सुखानं पोहतो आहे.

१९९७मध्ये मार्जोरी स्कार्डिनो पिअर्सनच्या प्रमुख झाल्या. लंडनच्या शंभर बड्या कंपन्यांपैकी एखादीच्या गादीवर बसलेल्या त्या पहिल्याच बाई. त्यांनी घर आवरायला काढलं. मेणाचे राजे गेले आणि १९९८मध्येच, ४६० कोटी डॉलरच्या व्यवहारातून, सायमन अँड शूस्टरचा शैक्षणिक विभाग आला. २०००मध्ये उत्तरपत्रिका तपासणारी अमेरिकी कंपनी आली, २००३मध्ये एडेक्सेल हे ब्रिटनमधलं परीक्षा मंडळही. पुस्तक आपलं, प्रश्न आपला, तपासणीही आपली! आवराआवर पुढेही चालूच राहिली. २०१५मध्ये फायनान्शियल टाइम्स ८४ कोटी पौंडांना जपानी निक्केईकडे गेला, इकॉनॉमिस्टमधला वाटा गेला, २०२०पर्यंत पेंग्विनही पुरता उडाला. माणसं आवडीनं जे वाचतात ते सारं विकून टाकलं, नाइलाजानं जे वाचतात ते ठेवलं. धंदा म्हणून हे शहाणपणाचंच असणार. आवड कधीही आटते, नाइलाज बारमाही वाहतो.

मग शाळेची पुस्तकंही विकायला निघाली. भारतातला तो कारभार २०२३मध्ये मुंबईच्या लीड या कंपनीकडे आला. त्याआधी, डिस्नेहून आलेल्या तेव्हाच्या प्रमुखांनी २०२१मध्ये पिअर्सनचे पाच विभाग पाडले: परीक्षा, ऑनलाइन शाळा, इंग्रजी, उच्च शिक्षण आणि कामगारांची कौशल्यं. यांत ‘पुस्तक’ असा विभाग नव्हता. कंपनीचा लंडनमधला पत्ता ८०, स्ट्रँड. ही इमारत म्हणजे बिग बेनपेक्षा मोठ्या तबकडीचं घड्याळ मिरवणारं शेल-मेक्स हाउस, आणि त्यातलं ‘मेक्स’ म्हणजे वीटमनसाहेबांनी विकलेली मेक्सिकन ईगल. विकलेल्या गायीच्या गोठ्यात पणतवंडं कारकुनी करतात.

पुण्यात ऑस्ट्रेलियाला निघालेली मुलं आता पिअर्सनची इंग्रजीची परीक्षा देतात. घड्याळ, पाकीट बाहेर ठेवायचं, कानांवर हेडफोन लावायचे आणि शेजारपाजारचे सगळे एकदम बोलत असताना आपणही संगणकाला एका आलेखाचं वर्णन ऐकवायचं. बरेचसे गुणही तोच देतो. अशाच एका केंद्राबाहेर एक आई लेकाचं जर्किन मांडीवर घेऊन बसली होती. तो बाहेर येताच तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

“कोण होते रे परीक्षक?”

“कोणी नाही गं. मशीनशी बोललो.”

“मग ते काय म्हणालं?”

“काहीच नाही.”

“अगदी तुझ्या बाबांसारखं,” म्हणत तिनं पिशवीतून डबा काढला.