आमच्या साडूंची वसुली

ग्रिल घेतलेला माणूस ओळखायला त्याच्या घरी जावं लागत नाही. लग्नाच्या जेवणात तो आधी तुमच्या ताटातल्या भज्याकडे बघतो, मग पुरीकडे, मग तुमच्या पोटाकडे, आणि शेवटी हळूच विचारतो, "लिपिड कधी केलं होतंत?" पूर्वी ही जागा शिवाम्बूवाल्यांची होती. मग दुधीचा रस पिणारे आले, मग गव्हांकुरवाले. आता ओट्यावर ठेवायच्या विजेच्या यंत्रांचे दिवस आहेत. आमच्या नात्यात हे पद साडूंकडे आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या आक्काचा, नवरा म्हणजे आपण निवडलेला नसतो आणि सोडताही येत नाही, त्यामुळे दर पंधरा-वीस दिवसांनी सांगलीहून कोल्हापूरला जाणं आणि भाजून घेणं आम्हाला चुकत नाही.

साडू कोल्हापूरचे, हे आधी सांगायला हवं. तेलाशी वैर हा एखाद्या पुणेकराचा स्वभाव असू शकेल. कोल्हापूरच्या माणसाच्या बाबतीत तो धर्मबदल आहे. हा माणूस मिसळीच्या दुकानात पाव यायच्या आधी "कट!" म्हणून ओरडायचा. तांबड्या रश्श्यावर तवंग दिसला नाही तर वाटी तशीच मागे सारून आक्काला विचारायचा, "कोण आजारी हाय काय घरात?" साठी उलटल्यावर रक्त तपासलं, ट्रायग्लिसराइडचा आकडा चारशेच्या पुढे निघाला, पुण्याच्या पोरानं दिवाळीत ग्रिल पाठवून दिलं आणि आमची सगळ्यांची मिसळ संपली.

यंत्र तसं साधंच. दोन तापणारे पत्रे, मध्ये पदार्थ दाबायचा, दोन्ही बाजूंनी एकदम भाजतो. खालचा पत्रा पुढच्या बाजूला किंचित उतरता, त्यावर पन्हाळी. सुटलेली चरबी पन्हाळीतून वाहत येऊन पुढच्या इवल्याशा ट्रेमध्ये पडते. कुणालाही या यंत्रात मटणाचा तुकडा दिसेल. साडूंना ट्रे दिसला. त्याला कारण आहे. साडू नोकरीभर एका सहकारी बँकेत वसुली अधिकारी होते.

"पाव्हणं, हिकडं या." आपण चप्पल काढायच्या आत हाक येते. ट्रे दोन्ही हातांनी तीर्थासारखा उचललेला असतो. "बघा. आजची वसुली. ही सगळी तुमच्या पोटात बुडीत खात्यात गेली असती." मग चमच्यानं मोजणी. "तीन चमचे. चमच्याला चाळीस कॅलरी धरा." चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी आणि प्रथिनाच्या चार, हा हिशेब त्यांना व्याजाच्या कोष्टकासारखा पाठ आहे. वहीही आहे. जुनी, बँकेच्या नावाची. तारीख, पदार्थ, वजन, वसूल रक्कम, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "समाधानकारक" किंवा "पाठपुरावा आवश्यक".

हे सगळं स्वयंपाकघरात चालत असतं तर आक्काच्या धाकानं आटोक्यात राहिलं असतं. पण ग्रिल दोन हजार वॉटचं, त्याची पिन तीन जाड पायांची, आणि त्या जुन्या घरात तसला पॉवर पॉइंट एकच. तोही सोप्यात. पोरानं एसी बसवायचा म्हणून वायर ओढून घेतली होती. एसी साडूंनी वाचवला, पॉइंट राहिला. त्यामुळे गल्लीच्या दारासमोर, टीव्हीच्या शेजारी, कोचाच्या पुढ्यात मटण भाजलं जातं. दूधवाला, मीटरवाला, वर्गणी मागायला आलेली तालमीची पोरं, सगळे ट्रेचं दर्शन घेऊन जातात. मीटरवाल्याला तर दोन्ही बाजूंनी हिशेब ऐकावा लागतो: अर्धा तास चाललं की एक युनिट, आणि त्या एका युनिटात तीन चमचे वसूल.

वसुलीच्या नादात माणूस कुठवर जातो ते सांगतो. पहिले काही दिवस साडू नियमाप्रमाणे कोंबडीच्या छातीचं मांस भाजत होते. त्यात मुळात चरबीच नाममात्र, त्यामुळे ट्रे कोरडा. आरोग्याच्या दृष्टीनं याहून चांगली बातमी नाही. पण साडूंचं तोंड पडलेलं. वहीत "निरंक". तुकडाही सुकून खडंग झालेला, आक्का एक घास घेऊन म्हणाली, "आणखी एक असाच करा, महाद्वार रोडला चपलांच्या दुकानात नेऊन ठेवू. जोडी होईल." दुसऱ्या दिवशी साडू खाटकाकडे गेले आणि ज्याला इतकी वर्षं "जरा चरबी काढून दे" सांगायचे त्यालाच म्हणाले, "चरबीचं दे." खाटकानं दोनदा विचारलं. त्या दुपारी ट्रे काठोकाठ भरला आणि साडूंनी पोराला पुण्याला फोटो पाठवला. खिम्यात चरबी जास्त सुटते हा शोध लागल्यावर तर घरात खिमा वाढला. वसुली वाढवायची तर आधी कर्जवाटप वाढवावं लागतं, हे कुठल्याही बँकेत शिकवतात.

वांग्याची गोष्ट याहून वरची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मटण नाही, म्हणून वांग्याचे काप घातले. वांग्यातून काय निघणार? काहीच निघेना. साडूंनी कापांना ब्रशनं दोन चमचे तेल लावलं. झाकण दाबल्यावर त्यातलं चमचाभर ट्रेमध्ये उतरलं. "बघा! वांग्यातनंसुद्धा!" मी म्हटलं, अहो, ते तुम्हीच आत्ता लावलेलं. साडू गंभीर झाले. "पाव्हणं, सोसायटीत ह्याला नवं-जुनं म्हणत्यात." मार्चअखेरीला जुनं कर्ज भरल्याचं दाखवून त्याच दिवशी नवं उचलायचं, कागदावर वसुली शंभर टक्के. ज्यांनी शेतीकर्ज काढलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

थालीपीठही घातलं होतं. थालीपिठाला मधोमध भोक तेल सोडायलाच पाडतात, हे आक्कानं सांगितल्यावर साडू त्या भोकाकडे बराच वेळ पुरावा सापडल्यासारखे बघत बसले.

आता खरी मेख. ग्रिलचं मटण कोरडं लागतं. त्यामुळे वसुली झाली, नोंद झाली, फोटो गेला की साडू ताटावर बसतात आणि आतल्या दिशेनं आवाज देतात, "जरा रस्सा आण गं." आक्का तांबड्याची वाटी आणते. "वरचा घाल, वरचा." वरचा म्हणजे कट. तीन चमचे वसूल, चार चमचे नव्यानं वाटप. याची नोंद वहीत नाही. मी एकदा नजरेनं विचारलं. "त्ये येगळं खातं," साडू म्हणाले.

आणि ट्रेमधलं? आक्का काही टाकणारी नाही. शिळ्या भाकरीवर ओतून गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला घालते. त्या कुत्र्याला हल्ली जिना चढवत नाही.

ग्रिलबरोबर साडूंनी एक दैवतही आणलं. खासबागेत मांडी घालून कुस्त्या बघितलेल्या माणसाला यंत्राचा इतिहास कळला आणि त्यात पैलवान निघाला, मग काय विचारता. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन. १९७४ मध्ये किन्शासाला मोहम्मद अलीनं आठव्या फेरीत लोळवलेला तो. पुढे मैदान सोडलं, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परत उतरला आणि १९९४ च्या नोव्हेंबरात, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूरर या सव्वीस वर्षांच्या पोराला दहाव्या फेरीत पाडून किताब घेऊन गेला. त्याच साली अमेरिकेत त्याच्या नावाचं उतरतं ग्रिल बाजारात आलं, आणि पुढे असली दहा कोटींहून जास्त खपली म्हणतात. "पाची पोरांची नावं जॉर्ज ठेवलीत गड्यानं," साडू कौतुकानं सांगतात, "नोटीस काढायची म्हणली तर कुणाच्या नावानं काढणार?"

पण साडूंना खरा चक्कर आणणारा आकडा पुढचा. फोरमननं ग्रिल बनवलेलं नाही. ते मायकेल बोहम नावाच्या माणसानं घडवलं, जो कुणाला ठाऊक नाही. फोरमननं फक्त नाव दिलं. आणि १९९९ मध्ये ते नाव कायमचं वापरू द्यावं म्हणून ग्रिलच्या कंपनीनं त्याला रोख आणि शेअर मिळून पावणेचौदा कोटी डॉलर दिले. साडूंनी सबंध नोकरीत नाव देणारा माणूस एकच प्रकारचा पाहिला होता: जामीनदार. पाव्हण्याच्या भिडेखातर सही करतो, कर्ज दुसरा उचलतो, आणि सहकार कायद्याच्या 'एकशे एक'चा वसुली दाखला निघाला की जप्तीची नोटीस याच्या दारावर. नाव देऊन पैसे मिळतात, हे त्यांना अजून पटत नाही. "लई मोठा जामीनदार," एवढंच म्हणतात, आणि झाकणावरून हात फिरवतात.

मागच्या महिन्यात त्यांच्या बँकेचे एक माजी संचालक घरी आले. शीतगृहासाठी उचललेल्या त्यांच्या कर्जाचं प्रकरण साडूंच्या टेबलावर अनेक वर्षं होतं, आणि साडू निवृत्त झाले तेव्हाही तिथंच होतं. शीतगृहाची भिंत अजून कुणी पाहिलेली नाही. साहेबांना आता दोन स्टेंट आहेत आणि पथ्य आहे. कोचावर बसले तेव्हा कोच दोन्ही बाजूंनी भरला. साडूंनी मटण लावलं. साहेब बघत होते. "काय हो, ह्यातनं सगळी चरबी निघती?"

साडूंनी झाकण उचललं नाही. म्हणाले, "वरवरची निघती सायेब. तुकड्याच्या कडेची. लहान तुकडा असंल तर पार कोरडा हुतोय. मोठ्याच्या आतली काय निघत न्हाई. आमी लई दाबून बघितलं."

क्षणभर सोप्यात फक्त चरचर ऐकू येत होती. मग साहेब मोकळेपणानं हसले. अशी माणसं फार छान हसतात. त्यांनी आणखी दोन तुकडे घेतले, रस्सा नको म्हणाले, आणि उठताना म्हणाले, "चार दिवस घेऊन जाऊ का हे? वापरून बघतो, पटलं तर नवं घेतो." साडू गप्प. अशा वेळी कुणीतरी काहीतरी बोलायला लागतं, म्हणून मी म्हटलं, "न्या की साहेब." ड्रायव्हरनं ग्रिल उचलून गाडीत ठेवलं. ट्रेसकट.

त्याला आता महिना होऊन गेला. साहेब फोन उचलत नाहीत; उचलला तर मुंबईला असतात. परवा आम्ही गेलो तर साडू कोचावर नुसते बसलेले, आणि तालमीची दोन पोरं दारातून डोकावून "आज न्हाई काय काका?" विचारून निघून गेली. आक्का स्वयंपाकघरात माझ्या बायकोला सांगत होती ते कानावर आलं. साडूंच्या नोकरीच्या काळात बँकेची जीप गावात शिरली की माणसं मागच्या दारानं उसात पळायची. एकदा थकबाकीपोटी एका शेतकऱ्याचं विहिरीवरचं इंजिन उचललं. जीपला बांधत होते तोवर त्याच्या बायकोनं चहा आणला, दारात पाव्हणा आलाय म्हणून. थकबाकीदाराच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा साडूंचा स्वतःचा नियम. चहा घेतला नाही. रात्री घरी येऊन जेवलेही नाहीत.

माणसं आपल्याला बघून आत येतात आणि खाऊन जातात, याचं या गृहस्थाला अजून नवल वाटतं, असा माझा अंदाज आहे. ट्रे दाखवायचा म्हणून हाक मारतात हे खरंच, पण रिकाम्या पोटी कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही. शिवाय तिखट-मीठ त्यांचा हात एकदम बरोबर. एवढंच कबूल करतो. याहून जास्त केलं तर त्यांच्या कानावर जाईल.

काल मला रजिस्टर पाकीट आलं. टाइप केलेलं, जावक क्रमांकासह. विषय: ग्रिल, एक नग, ट्रेसह, परत करणेबाबत. कर्जदार म्हणून साहेबांचं नाव. खाली, जामीनदार म्हणून, माझं.

मी फोन लावला. म्हटलं, साडूभाऊ, हे काय?

"'न्या की' असं कोण म्हणालं?" पलीकडून आवाज आला. नोकरीतला आवाज. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. "कर्जदाराकडनं न्हाई झाली तर जामीनदाराकडनं वसूल करायची, आसा कायदा हाय. सात दिवस हायत. आन् पाव्हणं, ट्रे सुट्टा निघतोय. त्यो आठवणीनं येगळा मागून घ्या."