स्टेपनी नेणाऱ्या महाशयांस

चोरमहाशय,



आपला पत्ता ठाऊक नसल्यामुळे हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. आमची सायकलही उघड्यावरच होती, तेव्हा यात आपल्याला वावगं वाटू नये.

गेल्या मंगळवारी रात्री कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपण येऊन गेलात. पाऊस कोसळत होता आणि वॉचमन नेहमीच्या निष्ठेनं झोपला होता. तिथं शेजारी शेजारी दोन सायकली उभ्या होत्या. दोन्ही ॲटलास, दोन्ही काळ्या, दोन्ही चोवीस इंची फ्रेमच्या. भिंतीकडची कव्हरखाली होती, साखळीनं पाण्याच्या पाइपला जखडलेली. अलीकडची अगदी मोकळी. तिच्या मागच्या कुलपाची जीभ दोन वर्षांपूर्वीच तुटली आहे, ते आता फक्त शोभेला. आपण मोकळी सायकल अलगद बाजूला सारलीत, साखळी कापलीत आणि कव्हरखालची घेऊन गेलात. जाताना कव्हराची घडी करून मोकळीच्या कॅरिअरला अडकवलीत. आमच्या घरात तीस वर्षांत कुणी न सांगता कसली घडी घातलेली नाही. सौ.नं ती घडी आल्यागेल्याला दाखवली.

आपल्या कामसूपणाबद्दल मला आदरच आहे. तक्रार आहे ती आपल्या निवडीबद्दल. म्हणून थोडी हकीकत सांगतो, कारण आपण काय नेलंत हे आपल्याला ठाऊक नसावं.

अलीकडे उभी होती ती थोरली. १९९० साली पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारातून घेतलेली. तिच्यावरून मी कचेरीत गेलो, लग्नाच्या पत्रिका वाटल्या, गॅसचा सिलिंडर आणला, मंडईतून आंब्याची पेटी आणली. वडिलांच्या सायकलीला पालिकेचा बिल्ला असायचा. संध्याकाळी दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस धरायचे. माझ्या सायकलीची दखल इतक्या वर्षांत कुठल्याही सरकारी माणसानं घेतली नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवलेल्या पुण्यात ती सिग्नलला उभी राहिली की मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून तिच्या अस्तित्वाची नोंद घेई, तेवढीच.

मग आलं २०२०. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलासचे मालनपूर आणि सोनीपतचे कारखाने आधीच थंडावले होते. उरलेल्या साहिबाबादच्या कारखान्याच्या गेटवर ३ जूनला काम थांबल्याची नोटीस लागली. ३ जून म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. मुहूर्त काढावा तर असा.

बातमी वाचून मला घाम फुटला. थोरलीला काही झालं तर? तशी सायकल पुन्हा मिळणार नाही! टाळेबंदीत दुकानं अर्धी उघडू लागली, तसा मी शहरभर चौकशी करत सुटलो. एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर खोक्यात सुटी पडलेली एक शिल्लक निघाली. तेच मॉडेल, तोच रंग, तीच सोनेरी रेघ. स्टँड, कॅरिअर, घंटी, कुलूप धरून ५,२०० रुपये. डुप्लिकेट घेतली म्हणून मी सगळ्यांना अभिमानानं सांगू लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हळूच विचारलं, “फसवलं का हो दुकानदारानं? बिल दिलंय ना?” आपल्याकडे डुप्लिकेट म्हणजे नकली माल, हे ध्यानात आल्यावर घरात तिचं नाव ठेवलं स्टेपनी.

स्टेपनीवरून जेवढे वाद आमच्या घरात झाले तेवढे फ्लॅट घेतानाही झाले नव्हते. सौ.चं म्हणणं सरळ होतं : “आवडती गोष्ट एकच असते. दुसरी ठेवायची म्हटली की त्याला वेगळं नाव आहे.” माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी अंतोनिओ रिच्चीला पुढं केलं. डी सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मधला हा पोस्टर चिकटवणारा. चादरी गहाण टाकून सोडवून आणलेली त्याची फीडेस सायकल कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बापलेक अख्खं रोम पालथं घालतात. घरी त्याची एक स्टेपनी असती, तर सिनेमा वीस मिनिटांत संपला असता आणि सगळे सुखानं जेवले असते. “पण त्याच्याकडे एका सायकलीचे पैसे नव्हते, म्हणून तर सिनेमा झाला,” असं म्हणून सौ.नं पोळी वाढली. आपल्या व्यवसायातला हा मोठा चित्रपट आहे. सवड मिळाली तर बघा, शेवट जरा टोचेल.

कोपऱ्यावरचे सायकलवाले काका आणखी रोखठोक. ते म्हणाले, “साहेब, ही सायकल मरतच नाही, मग हिला वारस कशाला?” बोलणं अडाण्याचं नव्हतं. या काळ्या सायकलीचा घाट मुळातला इंग्रजी रोडस्टरचा. पुढं हर्क्युलस, हिरो, एव्हन, ॲटलास अशी नावं बदलत गेली, तरी टायर २८ × १½ चाच राहिला, पॅडलचा दांडा कॉटर पिननंच बसत राहिला, ब्रेक सळईचेच राहिले. एका कंपनीचं फ्रीव्हील दुसरीच्या चाकावर बिनतक्रार चढतं. ॲटलासचा कारखाना बंद झाला म्हणून ॲटलास सायकल बंद पडत नाही. सहा बॉल, दोन कॉटर पिना आणि एक हातोडी तालुक्याच्या बाजारातही मिळते.

खरं भय असायला हवं ते आमच्या धाकट्या मेव्हण्याला. त्याची गिअरची, ॲल्युमिनियमची, दर दोन वर्षांनी जुनी ठरणारी. एकेकाळी डोंगरी सायकल म्हटली की चाक सव्वीस इंची. आता साडेसत्तावीस आणि एकोणतीस, सव्वीसचे चांगले टायर हुडकत फिरायचं. मधल्या धुऱ्याच्या बेअरिंगचे इतके प्रकार निघालेत की दुकानदार आधी मॉडेलचं वर्ष विचारतो. मागचा गिअर ज्या चिमुकल्या तुकड्यावर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ करतात, म्हणजे सायकल आपटली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना उत्तम. पण जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा! तो मोडला आणि मिळाला नाही की लाखाची सायकल भिंतीला टेकून उभी. तरीही मेव्हणा दुसरी सायकल घेत नाही. तो दोन हँगर घेऊन कपाटात ठेवतो. त्याच्या खानदानात शहाणपण आहे, हे मी सौ.समोर कबूल केलं नाही एवढंच.

मी मात्र सबंध सायकल घेतली, कव्हर घातलं, साखळीनं बांधली आणि निश्चिंत झालो. निश्चिंत माणसाचं रबर आधी तडकतं. उभ्या सायकलीची हवा उतरते, वजन एकाच जागी पडून टायर बसका होतो, त्याच्या बाजूंवर केसासारख्या चिरा येतात. हबमधलं ग्रीस सुकून मेणासारखं होतं. रोज पळणारी थोरली तेलपाणी खाऊन ताजी राहिली आणि काहीही न करता स्टेपनी म्हातारी झाली. गुरुवारी हवा भरायची असं मी ठरवलं होतं. पहिले चार गुरुवार भरलीही.

आता मुख्य कबुलीजबाब. आपण माझ्याआधी पोहोचलात असं समजू नका. स्टेपनी मी आधीच लुटली होती.

पहिला गुन्हा २०२१ च्या एप्रिलमधला. पुन्हा निर्बंध, सायकलवाल्या काकांचं शटर खाली आणि थोरलीचे ब्रेक शू झिजून लोखंड रिमला घासायला लागलेलं. चार रबरी तुकड्यांचा तर प्रश्न, म्हणून स्टेपनीचे काढून थोरलीला लावले. झिजलेले टाकून कसे द्यायचे? ते स्टेपनीला. दुकान उघडलं की नवे आणू! दुकान उघडलं, आणि नवे आणायचं कारणच उरलं नव्हतं. मग चेन. मग फ्रीव्हील, जुन्याचे दात घसरत होते म्हणून. मग मागचा टायर, दांड्यांसकट पॅडल, घंटी, आणि गेल्या वर्षी मागचं अख्खं चाक, कारण थोरलीच्या चाकाला आउट आला होता आणि तो काढायला टाकायचा मला कंटाळा आला. दर वेळी थोरलीवरून उतरलेलं म्हातारं सामान मी स्टेपनीवर चढवत गेलो. रात्री, पार्किंगमध्ये, मोबाइलच्या उजेडात, इकडेतिकडे बघत. आपल्या धंद्यातला तेवढा अनुभव माझ्याही गाठीशी आहे.

म्हणजे बघा, कव्हरखाली नवी सायकल असेल म्हणून आपण साखळी कापलीत. आत निघाली नव्या फ्रेमला अडकवलेली १९९० ची सायकल. आणि जिच्याकडे आपण ढुंकून पाहिलं नाहीत, त्या जुनाट फ्रेमवर मी कोरं सामान लावून ऐटीत फिरतो आहे. इतक्या वर्षांत मला न सुटलेला घोळ आपण एका रात्रीत वाढवून ठेवलात.

पोलीस चौकीवर याची झलक मिळाली. हवालदारांनी साधा प्रश्न विचारला, “जुनी गेली की नवी?” मी तोंड उघडलं आणि मिटलं. “फ्रेम नवी गेली, सायकल जुनी गेली,” असं म्हणालो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग फ्रेमवर ठोकलेला नंबर विचारला. तो २०२० च्या बिलावर होता, म्हणून कागदोपत्री नवी गेली. पुढचा रकाना किमतीचा. इथं आपलं हित गुंतलं आहे, नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात एक सवलत आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असला, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा तुरुंगाची नाही, समाजसेवेची. बिलाप्रमाणे ५,२०० लिहिले तर आपण सवलतीबाहेर. खरी किंमत लिहिली तर रस्ते झाडण्यावर सुटाल, कारण त्या सायकलीचे हजार रुपये कुणी देणार नाही. मी खरी किंमत लिहिली. उपकार म्हणून नव्हे. बिलातला नवा माल आपल्याआधी मीच काढून घेतला होता.

आपण अद्याप ती विकली नसेल, कारण विकली जाणारच नाही, तर काही सूचना. पुढचे ब्रेक शू तेच २०२१ चे. सळईचा ब्रेक रिमला खालून लागतो आणि ओल्या क्रोमच्या रिमवर नवं रबरसुद्धा धड धरत नाही, मग हे तर केव्हाच संपलेलं. या पावसात कात्रजच्या उतारावर नेऊ नका. डाव्या पॅडलची कॉटर पिन ढिली आहे, दर फेऱ्याला ‘टक्’ वाजेल. तो आवाज मी बारा वर्षं ऐकला आहे, आता आपण ऐका. फ्रीव्हील घसरतं, तेव्हा चढावर उभं राहून मारलंत तर गुडघा हँडलवर आपटेल. माझा दोनदा आपटला आहे.

लोक विचारतात, आता पुन्हा दुसरी घेणार का? त्याच दुकानदाराचा फोन आला होता. माळा साफ करताना आणखी एक खोकं निघालं म्हणे. मी नाही म्हणालो. चार ब्रेक शू, दोन कॉटर पिना, एक चेन आणि दोन ट्यूब तेवढ्या मागितल्या. बिल सहाशेच्या आत आलं आणि सगळं शिवणकामाच्या डब्यात मावलं. सौ.नं सुया कुठं ठेवायच्या ते विचारलं आहे.

तेव्हा सायकल ठेवा. फक्त एक गोष्ट परत हवी आहे. दांडीवर एक छोटी सीट आहे, लाल रेक्झिनची, एका बाजूनं फाटलेली. मुलगी लहान असताना थोरलीवर बसवली होती. ती मोठी झाली, बंगळूरला नोकरीला लागली, तरी सीट होती तिथंच होती. माझा गुडघा लागायचा आणि टाकवत नव्हती, म्हणून स्टेपनी आल्यावर तिच्यावर नेऊन बसवली. साखळी खरं तर त्या सीटसाठी होती, हे सौ.लाही मी परवाच सांगितलं.

ती सीट दोन नटबोल्टांवर आहे. दहा-अकराचा पाना पुरतो. मागचा नट गंजला आहे, त्याला आदल्या रात्री थोडं तेल सोडून ठेवा. येऊन भेटायची गरज नाही, आमच्या पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीवर ठेवून जा. वॉचमन झोपलेलाच असेल.

आपला,
थोरलीवाला