घोडा एक लाख चाळीस, चारा किरकोळ

केंद्र सरकारने गाढवावर कर लावलेला नाही. खेचरावरही नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी ही सगळी मंडळी जीएसटीतून मोकळी आहेत. घोडा मात्र पहिल्यापासून कराच्या दावणीला. आधी १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाले. गाढव पाळणारा पोटासाठी पाळतो आणि घोडा पाळणारा हौसेसाठी, हे अर्थखात्याला इतकं स्वच्छ कळलेलं पाहून बरं वाटलं.

तर या सात टक्क्यांच्या सवलतीने आमच्या प्रभागातल्या भाऊंच्या मनात घोडा शिरला. भाऊ म्हणजे भावी नगरसेवक. पुणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि मतदान उजाडलं थेट २०२६ च्या जानेवारीत. तेवढा काळ भाऊ प्रत्येक चौकात फ्लेक्सवर भावी होते. मतदान झाल्यावरही ते भावीच राहिले, हा मतदारांचा दोष. आता पुढची पाच वर्षं नजरेत राहायचं तर शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोड्यावर बसण्यावाचून गत्यंतर नाही, असं त्यांच्या कार्यकर्त्यांनी त्यांना पटवलं. कार्यकर्त्यांना घोड्याबरोबर रील काढायचे होते, हा भाग वेगळा.

"काका, तुमची हयात अकाउंट्समध्ये गेली," भाऊ म्हणाले. "घोड्याचं बजेट तेवढं बघून द्या. म्हणजे केलंय मी. तुम्ही फक्त बेरीज तपासा."

कागद हातात घेतला. घोडा मारवाडी, एक लाख चाळीस हजार. खोगीर, लगाम, रिकिबी आणि चांदीच्या रंगाचा साज, बावीस हजार. फेटे, डीजे, ड्रोनवाला. जेसीबीतून घालायचा हार. जेसीबीचं भाडं वेगळं दाखवलेलं, इतका काटेकोर माणूस. आणि अगदी तळाला, कागद संपत आला म्हणून की काय, बारीक अक्षरांत लिहिलेलं: "चारा वगैरे – किरकोळ".

बेरीज बरोबर होती.

एकट्या भाऊंना बोलण्यात अर्थ नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार लागतो. दरवर्षी त्या बाजारातून एक बातमी हमखास येते: अमुक घोड्याला एवढे कोटी मागितले, मालकाने दिला नाही. सोबत घोड्याचा खुराक छापतात, दूध, तूप, अंडी, बदाम. मालक देत का नाही याचं कुतूहल मला नाही. एवढी रक्कम देऊ करणारा माणूस दुसऱ्या दिवशी तूप कुठून आणणार होता, हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक बघतं ते घोडा पंचकल्याण आहे का, गळ्यावर देवमण आहे का, कानांची टोकं एकमेकांना भिडतात का. अंगावरचे भोवरे मोजतात. तोंड उघडून दात बघतात, म्हणजे वय कळतं. ते तोंड दिवसभर काय करतं, हे मात्र कुणी बघत नाही. मोकळं सोडलं तर घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतं. घोडं कुठे पेंड खातंय, असं आपण अडलेल्या कामाबद्दल इतक्यांदा विचारतो. घोडं घेताना तेवढं विचारायचं राहून जातं.

"भाऊ, किरकोळ म्हणजे किती?"

"चाराच तो काका. गवत."

मग मी पेन काढलं. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर. त्याला वैरण दिवसाला निदान आठ किलो, म्हणजे वर्षाला तीन टन. दहा रुपये किलोने धरली तरी तीस हजारांच्या आसपास. चंदी, म्हणजे हरभरा, जव, गव्हाचा कोंडा असं मिळून तीन किलो. वर्षाचे अकरा क्विंटल, सरासरी पंचेचाळीसच्या भावाने पन्नास हजारांच्या घरात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, कारण खूर नखासारखे वाढतात आणि मिरवणूक असो वा नसो, वाढतातच. त्याचे आठेक हजार. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा दात घासून सरळ करणं, अधूनमधून डॉक्टर: पंधरा हजार. खाली अंथरायला भुसा: बारा हजार. इथवर भाऊ मान डोलवत होते.

"आणि मोतद्दार?"

"तो कोण?"

"घोड्याला खरारा करणारा, चंदी भिजवणारा, लीद काढणारा, रात्री उठून बघणारा. तुम्ही करणार?"

भाऊंनी एका कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्याने मोबाइलकडे पाहिलं.

महिना बारा हजारांत माणूस मिळाला तर नशीब. तसा मिळाला असं धरलं तरी वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. म्हणजे घोड्यापेक्षा घोड्याचा माणूस चार हजारांनी महाग, आणि तो दरवर्षी नव्याने विकत घ्यायचा. एकूण गेली अडीच लाखांच्या वर, जागेचं भाडं न धरता. घोडं नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. पाच वर्षांचं घेतलं तर पुढची वीस वर्षं तरी ही अडीच लाखांची ओळ भाऊंच्या वहीत राहणार. तेवढ्या काळात चार निवडणुका होतील. महाराष्ट्रात झाल्या तर.

जागेचं म्हणाल तर भाऊंनी सोसायटीतली पार्किंगची जागा मनात योजली होती. मी फक्त एक आकडा मांडला. घोडा दिवसाला पंधरा किलो तरी लीद टाकतो. वर्षाला साडेपाच टन. पोटात वैरण आणि चंदी मिळून चार टन गेले आणि बाहेर साडेपाच टन आले, असा ताळेबंद मी चाळीस वर्षांच्या नोकरीत फक्त ठेकेदारांकडे पाहिला होता. इथे निदान फरकाचा खुलासा होतो: घोडा दिवसाला तीस लिटर पाणी पितो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. लीद ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि ती गणपूर्तीअभावी तहकूब होईल.

"पण काका, रोज थोडाच वापरायचाय? एरवी उभाच राहील. उभ्या गाडीला काय पेट्रोल लागतं?"

इथे मला जरा थांबावं लागलं. गाडी उभी राहिली तर गंजते, घोडा उभा राहिला तर खातो. खात खात नुसता उभा राहिला तर आजारीही पडतो. पूर्वी रोज राबणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी देऊन चंदी मात्र पूर्ण दिली, की सोमवारी कामावर निघताच त्यांचे स्नायू आखडत आणि ती जागच्या जागी अडत. पशुवैद्यकात या दुखण्याचं बोलीतलं नावच 'मंडे मॉर्निंग डिसीज' आहे. सुट्टीच्या दिवशी पूर्ण पगार आणि सोमवारी सकाळी काम होत नाही. हे दुखणं मी कचेरीत जवळून पाहिलेलं असल्याने भाऊंना ते चटकन समजावून सांगता आलं. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. पोटात काही बिघडलं तर ते वरून बाहेर पडायचा रस्ताच नाही. पोटशूळ उठला की काही तासांत खेळ आटोपू शकतो. म्हणजे रात्री दोन वाजता घोड्याचा डॉक्टर शोधायची तरतूद हवी. ग्लँडर्ससारख्या रोगाचा संशय आला तर रक्ताचा नमुना थेट हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. रोग निघाला तर घोडा वाचवता येत नाही, कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. हे ऐकून भाऊ गप्प झाले. माणूस वाईट नाही. त्याला घोडा आवडतो, फक्त त्याचं पोट ठाऊक नाही.

मग त्यांनी नवा डाव टाकला. तोटा दाखवू! प्लॉटिंगच्या उत्पन्नातून घोड्याचा तोटा वजा करू. पण सरकार इथेही आधी येऊन बसलेलं. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ७४अ खास याच माणसांसाठी होतं: शर्यतीचे घोडे बाळगण्यात झालेला तोटा फक्त त्याच धंद्याच्या उत्पन्नातून वळता करायचा, पुढे ओढायचा तर चार वर्षं, बस्स. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पळवणाऱ्या मोठमोठ्या शेठजींनाही जी वाट मिळाली नाही, ती जेसीबीच्या हाराला कुठून मिळणार? (घोड्यावरचा कर उतरला त्याच सप्टेंबरात घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेचा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. घोडा घेणाऱ्याला ५ टक्के आणि घोड्यावर पैसे लावणाऱ्याला ४०. दोघांपैकी कोण लवकर बुडतो, याचा हा सरकारी अंदाज असावा.)

अनुदान? आहे ना. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगालाही जागा दिली. ५० टक्के अनुदान, ५० लाखांपर्यंत. भाऊंचे डोळे लकाकले. पण ते अनुदान भांडवली आहे, आणि व्यवसाय उभा करणाऱ्याला आहे. उभं करायला पैसे आहेत, चारायला नाहीत. भाऊंना हे अन्यायकारक वाटलं. मला ओळखीचं वाटलं. आमच्या बागेत ओपन जिम आहे, तिचं लोकार्पण तीनदा झालं, तेल एकदाही झालं नाही. राजकारणातल्या घोडेबाजाराचं त्या मानाने बरं. तिथे रिसॉर्टचं बिल बहुमत सिद्ध होईपर्यंतच भरायचं असतं, हे गिऱ्हाइकाला आधी ठाऊक असतं.

शेवटी मी भाऊंना एका पत्राबद्दल सांगितलं. मिरवणूक ज्यांच्या नावाने काढायची त्यांनीच ते लिहिलेलं आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या बाजूला लष्कराची छावणी होती. तिथल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पावसाळ्यापूर्वी जे लिहिलं, ते मराठीतलं घोड्याचं सगळ्यात चोख अंदाजपत्रक आहे. दाणा आणि वैरण पावसाळा निघेल अशा बेताने वापरा. आताच मन मानेल तसं चाराल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून दाणा, भाकरी, गवत, लाकूडफाटा ओढून आणू लागाल. त्यापुढचा तपशील तर असा, की हिशेबतपासनिसाने उठून मुजरा करावा: रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंजी पेटेल आणि सगळं लष्कर बसेल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि वहीत उंदराचीही नोंद.

"यात किरकोळ हा शब्द कुठेच नाही, भाऊ."

त्या लष्करात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि स्वतः पोशी. आपल्याकडच्या हौशी मंडळींची अडचण एकच आहे. रुबाब शिलेदाराचा हवा, आणि वैरण बारगिराची.

ज्यांचं पोट घोड्यावर आहे त्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. आमच्या नाक्यावर वरातीला घोडी देणारे एक चाचा आहेत. मी भाऊंना त्यांच्याकडे नेलं. घोडी तोबऱ्यात तोंड घालून शांतपणे हरभरा फोडत होती. चाचांनी बोटांवर हिशेब केला. लग्नाच्या तिथी वर्षातून मोजक्या. त्यातही लोक एकाच मुहूर्तावर तुटून पडतात, आणि एक घोडी एका वेळी एकाच नवरदेवाला घेऊन जाऊ शकते. पुढे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं बंद. "चातुर्मासात तुम्ही लोक कांदा-लसूण सोडता," चाचा म्हणाले. "ही चणा सोडत नाही." म्हणून तिथींच्या दिवसांत मिळालेल्या पैशातून ते आधी पावसाळ्याचा कडबा भरतात, मग घरचा किराणा. माथेरानपासून महाबळेश्वरापर्यंत पर्यटकांना फिरवणाऱ्या घोडेवाल्यांचंही असंच. कमाई हंगामाची, चंदी बारमाही.

"मिरवणुकीला घोडी पाहिजे ना साहेब?" चाचा भाऊंना म्हणाले. "माझीच न्या. दोन तासांचे पाच हजार. मी लगाम धरून चालीन. पडणार नाही तुम्ही."

पाच हजार विरुद्ध अडीच लाख. मी भाऊंकडे पाहिलं. यापुढे बेरजेची गरज उरली नव्हती.

"पण काका, भाड्याचा घोडा म्हणजे वरातीचा घोडा," भाऊ म्हणाले. "लोक म्हणतील, हा नवरदेव कोण. स्वतःचा पाहिजे."

आठवड्याने ते पुन्हा आले. सुधारित अंदाजपत्रक आणलं होतं. वैरण, चंदी, नालबंद, डॉक्टर, भुसा, अगदी मोतद्दारसुद्धा, सगळं माझ्या आकड्यांप्रमाणे टापटीप मांडलेलं. मला खरंच भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी टिपणी कुणी जशीच्या तशी स्वीकारली होती. खर्चाच्या बाजूला दोन लाख साठ हजार. जमेच्या बाजूला एकच ओळ, दोन लाख साठ हजारांची: "लोकवर्गणी".

मंडळाच्या नावाने पावतीपुस्तक छापून झालं होतं. वर दौडत्या घोड्याचं चित्र, त्याखाली "अश्वसंवर्धन निधी", खाली आधारस्तंभ म्हणून भाऊंचा फोटो. घोडा अजून घ्यायचा होता.

"पहिली पावती तुमचीच फाडतो काका," भाऊ म्हणाले. "बजेट तुम्हीच केलंय. पाचशे एक लिहू की हजार एक?"